गादीवरून उतरण्याची पूर्वतयारी

सरकारी नोकराच्या निवृत्तीचा दिवस त्याच्या नेमणुकीच्या दिवशीच ठरलेला असतो. जन्मतारीख कागदावर चढली की साठाव्या किंवा एकसष्टाव्या वर्षी कोणत्या महिन्याच्या अखेरीस त्याला हारतुरे मिळणार, हे कचेरीतील कारकुनासही सांगता येते. सिकंदराबादेतील रेल्वेचा कर्मचारी असो की कोठीवरील बँकेचा रोखपाल असो, निवृत्त केव्हा व्हावे याचा विचार त्याला करावा लागत नाही. व्यापाऱ्याचे तसे नाही. बेगम बाजारात, उस्मानगंजात, पत्थरगट्टीवर किंवा सिकंदराबादच्या जनरल बाजारात गादीवर बसलेल्या गृहस्थाला 'आता पुरे' असे सांगणारा कोणी अधिकारी नाही. मुलगा सांगू शकत नाही, कारण ते अविनयाचे दिसते. मुनीम सांगू शकत नाही, कारण त्याचे पोट त्याच गादीवर अवलंबून असते. पत्नी सांगते, पण या बाबतीत तिचे ऐकण्याची रीत आपल्यात फारशी नाही. मग अखेरीस सांगतात ते डॉक्टर, आणि तेही रुग्णालयातील खाटेजवळ उभे राहून.

या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटण्याचे निमित्त नव्या पिढीने पुरविले आहे. आपल्या घरांतील कित्येक मुलेमुली आज माधापूर-गच्चीबावलीच्या संगणक-कंपन्यांत काम करीत आहेत. त्यांच्या तोंडी एक नवी भाषा ऐकू येते. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडावयाची, तोपर्यंत अमुक इतकी रक्कम साठवावयाची आणि पुढील आयुष्य आपल्या मर्जीने घालवावयाचे, अशी ती भाषा आहे. वडील मंडळी हे ऐकून हसतात. 'कमावण्याच्या वयात बसून खाण्याच्या गोष्टी' असे म्हटले की तो विषय ताटावरच संपतो. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. मुलांचा हिशेब थोडा कच्चा असेल, परंतु त्यांनी काढलेला प्रश्न रास्त आहे. आणि तो प्रश्न आपल्या परंपरेला मुळीच नवा नाही. व्यापाऱ्याने हातपाय धड असताना, पंचावन्नाच्या सुमारास, गादीवरून उतरावे आणि त्याची तयारी निदान दहा-पंधरा वर्षे आधी सुरू करावी, असे या लेखाचे म्हणणे आहे.

यावर आक्षेप काय येणार हे ठाऊक आहे. व्यापारी रिकामा बसला की म्हातारा होतो, असे आपण नेहमी ऐकतो. त्यात तथ्य आहे, आणि त्याचा विचार पुढे येईलच. परंतु न उतरण्याची किंमत कोण देतो, याचाही हिशेब कधीतरी मांडावयास हवा. पंचेचाळीस वर्षांचा मुलगा, ज्याची स्वतःची मुले महाविद्यालयात आहेत, तो अजून धनादेशावर सही करू शकत नाही. माल किती भावाने घ्यावा हे वडिलांना विचारल्यावाचून त्याला बोलता येत नाही. आणि बाजार त्याला 'धाकटे शेठ' म्हणूनच ओळखतो. अशा माणसाची उमेद वीस वर्षे गल्ल्याशेजारी बसून वाळून जाते. पुढे एके दिवशी सारा भार एकदम त्याच्या अंगावर पडतो. 2020 व 2021 साली करोनाच्या साथीत हे आपण सर्वांनी पाहिले. घरातील कर्ता पुरुष आठ दिवसांत गेला, आणि मागे राहिलेल्यांना कोणत्या बँकेत काय आहे, उधारी कोणाकडे किती आहे, विम्याचा कागद कोठे आहे, संगणकावरील खात्याचा परवलीचा शब्द काय आहे, यांतील काहीच माहीत नव्हते. त्या घरांत पैसा नव्हता असे नाही. तो कोठे होता हे सांगणारा एकच मनुष्य होता, इतकेच.

आपल्या शेजारच्या सोलापूर शहराने या बाबतीत दोन उदाहरणे ठेविली आहेत. दोन्ही जैन व्यापारी घराण्यांतील आहेत आणि दोन्ही एकाच काळातील आहेत. पहिले शेठ वालचंद हिराचंद यांचे. जहाजे, विमाने, मोटारी, साखर, बांधकाम अशा अनेक उद्योगांचा पाया घालणाऱ्या या पुरुषाला 1949 साली पक्षाघाताचा झटका आला, 1950 साली त्यांनी कामातून अंग काढून घेतले आणि 8 एप्रिल 1953 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कर्तृत्वाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्यासारख्यांना नाही. परंतु त्यांच्या निवृत्तीची तारीख त्यांनी निवडलेली नव्हती, ती आजाराने निवडली, एवढे खरे. त्यांचे बंधू समर्थ होते म्हणून उद्योग पुढे चालले. प्रत्येक दुकानाच्या नशिबी तसे बंधू नसतात.

दुसरे उदाहरण ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे. हे नाव मोठ्या जगात फारसे गाजलेले नाही, आणि म्हणूनच ते येथे थोडे विस्ताराने सांगणे इष्ट वाटते. संसारातून त्यांचे मन कित्येक वर्षे उदासीन होत आलेले होते. 1940 साली त्यांच्या मनात आले की, आपण न्यायाने मिळविलेले धन धर्माच्या व समाजाच्या उन्नतीसाठी लागावे. येथवर विशेष काही नाही. असे पुष्कळांच्या मनात येते, विशेषतः पर्युषणात. पुढे त्यांनी जे केले ते मात्र खास व्यापाऱ्याचे होते. त्यांनी लगेच देणगी जाहीर केली नाही. ते देशभर हिंडले, जैन विद्वानांना भेटले, आणि हे धन कोणत्या कार्यास लागावे याविषयी त्यांची मते तोंडी व लेखी गोळा केली. माल घेण्यापूर्वी चार बाजारांतील भाव मागवावेत, तशी ही रीत झाली. 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथ या सिद्धक्षेत्री त्यांनी विद्वानांना एकत्र बोलाविले, तेथे विचारविनिमय झाला आणि त्यातून 'जैन संस्कृति संरक्षक संघ' स्थापन झाला. त्या वेळी त्यांनी 30,000 रुपये दिले. पुढे तीन वर्षे काम कसे चालते ते पाहिले, आणि 1944 साली आपली सुमारे 2,00,000 रुपयांची सगळी मालमत्ता विश्वस्तपत्र करून त्या संघाला देऊन टाकली. 'जीवराज जैन ग्रंथमाला' ही त्यातूनच उभी राहिली. तिचा पहिला ग्रंथ म्हणजे डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेली 'तिलोयपण्णत्ती'. तिचा पहिला भाग 1943 साली प्रसिद्ध झाला. जीवराजभाई 16 जानेवारी 1957 रोजी निवर्तले. म्हणजे संकल्प केल्यापासून सोळा वर्षांहून अधिक काळ आपल्या धनाचे काय होते आहे हे ते डोळ्यांनी पाहत होते.

आपण सर्वांनी जीवराजभाईंप्रमाणे सर्वस्व द्यावे, असे सुचविण्याचा हेतू नाही. ते ब्रह्मचर्यव्रती होते, आपण संसारी आहोत. आपल्यामागे मुलाबाळांचे शिक्षण, लग्नकार्ये व औषधपाणी आहे. लक्षात घ्यावयाचे ते त्यांच्या पावलांचा क्रम. काय करावयाचे हे त्यांनी आधी शोधले, मग थोडी रक्कम घालून ते काम चालते का हे पाहिले, आणि त्यानंतरच मागचे दार बंद केले. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते. दुकान सोडले जाते, मग सकाळी नऊ वाजता अंगात सदरा चढवून कोठे जावे हे सुचत नाही, आणि पंधरा दिवसांत शेठजी 'सहज' म्हणून पुन्हा दुकानात येऊन बसतात.

या 'सहज' येण्याविषयी आपल्या आचार्यांना पुरेपूर कल्पना होती असे दिसते. श्रावकाच्या अकरा प्रतिमा, म्हणजे श्रावकाने एकामागून एक चढावयाच्या अकरा पायऱ्या, आपणां सर्वांच्या कानावरून गेलेल्या आहेत. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त आठवी प्रतिमा आरंभत्यागाची आहे. तीत नोकरी, शेती, व्यापार असे उद्योग सोडावयाचे असतात. नववी परिग्रहत्यागाची, तीत मालकी सोडावयाची. आणि दहावी अनुमतित्यागाची. तीत घरच्या व व्यवहाराच्या कामांत आपली संमती, आपला सल्ला देणे सोडावयाचे. श्वेतांबर परंपरेच्या यादीत क्रम थोडा वेगळा असून तेथे नववी प्रतिमा प्रेष्यत्यागाची आहे, म्हणजे स्वतः केले नाही तरी दुसऱ्याला पाठवून करवून घेणेही सोडावयाचे. हा क्रम पाहून नवल वाटते. काम सोडणे सोपे म्हणून ते आधी आले. धन सोडणे कठीण म्हणून ते नंतर आले. आणि 'माझ्या मते असे करावे' हे वाक्य सोडणे सर्वांत कठीण, म्हणून दिगंबर ग्रंथकारांनी त्याला धनाच्याही पुढची पायरी दिली. ज्या घरांत वडिलांनी दुकान दिले, मालकीही दिली, पण रोज संध्याकाळी जेवताना आजच्या विक्रीची चौकशी व त्यावरील टीका सोडली नाही, तेथील सुनेला याचा अर्थ विचारावा.

व्रत म्हणून प्रतिमा घेणारा श्रावक आणि पंचावन्नाव्या वर्षी दुकान मुलाच्या हाती देऊन उटीला जाणारा व्यापारी यांत मोठे अंतर आहे, हे न विसरता हे लिहिले आहे. पण पायऱ्यांचा क्रम उसना घेण्यास हरकत नसावी.

'उपासकदशांग' या आगमातील आनंद श्रावकाची कथा तर जणू व्यापाऱ्यासाठीच सांगितलेली आहे. वाणिज्यग्रामच्या या गृहस्थाजवळ बारा कोटी सुवर्ण होते. त्यांपैकी चार कोटी ठेव म्हणून राखलेले होते, चार कोटी व्यापारात गुंतलेले होते आणि चार कोटी घरच्या पसाऱ्यात होते. श्रावकव्रते घेतल्यानंतर चौदा वर्षे गेली, आणि पंधराव्या वर्षी त्याने आप्तेष्टांना जेवावयास बोलावून, त्यांच्या समक्ष कुटुंबाचा भार वडील मुलावर सोपविला. आणि जमलेल्या सर्वांना सांगितले की, आजपासून मला कोणत्याही व्यवहारात विचारू नये, माझा सल्ला मागू नये. मग तो कोल्लाग येथील पौषधशाळेत जाऊन राहिला. या कथेतील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, निवृत्ती चार माणसांसमोर जाहीर झाली. त्यामुळे उद्या बाजाराने कोणाशी बोलावयाचे याबद्दल संशय उरला नाही. दुसरी, ठेव, व्यापार आणि घर यांचे पैसे मुळातच निरनिराळे होते. आपली खरी अडचण याच ठिकाणी आहे.

आपल्या बहुतेक दुकानांत घर आणि पेढी यांचा गल्ला एकच असतो. लग्नाचा खर्च दुकानातून निघतो आणि दुकानाला कमी पडले की पत्नीचे दागिने गहाण पडतात. वर्षाअखेरीस सनदी लेखापाल त्याला 'उचल' असे नाव देऊन खाते जुळवितात, आणि आपण समाधान मानतो. अशा गृहस्थाला 'तुमच्याजवळ किती आहे?' असे विचारले तर तो मालाची किंमत, येणे असलेली उधारी, दुकानाची पागडी आणि वर राहण्याचे घर यांची बेरीज करून दोन-तीन कोटी सांगेल. ती बेरीज खोटी नसते. पण गादीवरून उतरताच तिचे स्वरूप बदलते. उधारी ही बरीचशी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहून वसूल होत असते. तो उठला की चार आण्यांचे येणे दोन आण्यांवर येते. माल विकत राहिला तरच त्याचे पैसे होतात. राहते घर विकून कोणी भाजी आणीत नाही. तेव्हा निवृत्तीचा हिशेब मांडताना या तिन्ही रकमा बाजूला ठेवून, दुकानाचे शटर उद्या कायमचे खाली आले तरी हाताशी काय राहते, तेवढेच मोजावे.

ते किती असावे? प्रत्येक घर वेगळे, पण एक ढोबळ मोजमाप सांगता येईल. अमेरिकेतील विल्यम बेंगेन या सल्लागाराने 1994 साली तेथील बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून असा हिशेब मांडला की, निवृत्त माणसाने पहिल्या वर्षी आपल्या पुंजीच्या शेकडा 4 इतकी रक्कम खर्चास घेतली आणि पुढे महागाईप्रमाणे ती वाढवीत नेली, तर पुंजी तीस वर्षे पुरते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी हवी. तो हिशेब त्यांच्या देशाचा आणि तीस वर्षांचा आहे. आपण पंचावन्नाव्या वर्षी उतरणार, आणि आपल्या घरांत नव्वदी गाठणारी माणसे असतात. तेव्हा पंचवीसपटीवर विसंबू नये, तीसपट धरावी. महिन्याला 60,000 रुपये खर्च असलेल्या घराला वर्षाचे 7,20,000 रुपये लागतात. त्याच्या तीसपट म्हणजे 2,16,00,000 रुपये. आकडा मोठा वाटतो, पण महागाईचे कोष्टक मांडले की तो वाजवी दिसू लागतो. दरवर्षी शेकडा 6 या दराने भाव वाढले तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात. आज 60,000 लागणाऱ्या घराला बारा वर्षांनी 1,20,000 आणि चोवीस वर्षांनी 2,40,000 रुपये लागतील. औषधांचा खर्च तर याहून वेगाने वाढतो, हे सोमाजीगुड्याच्या रुग्णालयांची बिले भरलेल्या कोणासही सांगावयास नको.

तिजोरीतील रोकड हा आपल्या वडिलांचा मोठा भरवसा होता. त्याविषयी या शहराने पुरेसे धडे घेतले आहेत. निजामाचा हाली सिक्का 1950 च्या दशकात चलनातून गेला. आणि 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटांचे काय झाले, ते तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. रोकड चार-सहा महिन्यांच्या खर्चापुरती हवी, त्याहून अधिक नको.

व्यापाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही, निवृत्तिवेतन नाही. म्हणून त्याने स्वतःच स्वतःचा मालक होऊन ते कापून ठेवावयास हवे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दुकानातून स्वतःस ठरीव पगार घ्यावा, घरखर्च त्यातूनच करावा, आणि त्याहून वेगळी अशी एक रक्कम दुकानाबाहेर, दुकानाच्या कर्जास तारण न जाणाऱ्या जागी टाकावी. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते 15 वर्षांचे असते. चाळिसाव्या वर्षी उघडले की ते पंचावन्नाच्या सुमारास पिकते. त्यात वर्षाला 1,50,000 रुपयांहून अधिक भरता येत नाही, म्हणून पत्नीच्या नावेही तिचे स्वतंत्र खाते उघडावे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर पुष्कळांची भिस्त असते. परंतु तिचे दार सामान्यतः साठाव्या वर्षी उघडते. पंचावन्नाव्या वर्षी मिळणारी सवलत नोकरीतून निवृत्त झालेल्यांसाठी आहे, दुकानदारासाठी नव्हे. तीत ठेवण्याची मर्यादा 2023 साली 30 लाखांवर नेण्यात आली. म्हणजे पंचावन्न ते साठ ही पाच वर्षे ओलांडण्यासाठी वेगळी तरतूद हवी. मुदतीच्या ठेवी, कर्जरोखे, भाडे देणारा एखादा गाळा, जे ज्याला साधेल ते. उरलेल्या काळासाठी थोडा भाग चांगल्या कंपन्यांच्या समभागांत असावा असे या लेखकाचे मत आहे, कारण केवळ व्याज महागाईच्या मागे धापा टाकीत राहते. आरोग्यविमा मात्र पंचेचाळिशीच्या आत, साखर आणि रक्तदाब कागदावर येण्यापूर्वी घ्यावा. तीन हजारांचे मासिक निवृत्तिवेतन देणारी लघुव्यापाऱ्यांची सरकारी मानधन योजना 2019 साली सुरू झाली. तीत 18 ते 40 वर्षे वयाच्या व दीड कोटीच्या आतील उलाढालीच्या व्यापाऱ्यास नाव नोंदविता येते. ती रक्कम आपल्या खर्चापुढे थोडी आहे, परंतु दुकानातील तरुण गुमास्ता उद्या स्वतःचे लहान दुकान थाटणार असेल, तर त्याला तिची माहिती अवश्य द्यावी.

कायद्याची बाजू कोरडी असली तरी टाळता येत नाही. भागीदारीच्या पेढीतून निवृत्त होणे म्हणजे दुकानात येणे बंद करणे नव्हे. 1932 च्या भागीदारी अधिनियमाच्या कलम 32 प्रमाणे, करारात तशी तरतूद असेल तर त्याप्रमाणे, नाहीतर सर्व भागीदारांच्या संमतीने, आणि मर्जीची भागीदारी असेल तर सर्वांना लेखी नोटीस देऊन निवृत्त होता येते. पण जाहीर नोटीस निघेपर्यंत, पेढीने पुढे केलेल्या देण्यांबद्दल निवृत्त भागीदार बाहेरच्यांना जबाबदारच राहतो. ज्याने सही केली नाही, माल पाहिला नाही, तो तीर्थयात्रेला गेलेला असताना त्याच्या घरी सावकाराचा माणूस येतो, तो यामुळे. बँकेला दिलेली वैयक्तिक हमी तर नोटिशीनेही सुटत नाही. बँकेकडून ती लेखी सोडवून घ्यावी लागते. आणि हिशेब पुरा न करता पैसे पेढीतच पडून राहिले तर कलम 37 प्रमाणे त्या पैशांवर नफ्याचा वाटा किंवा शेकडा 6 व्याज, यांपैकी एक मागता येते; परंतु भावाभावांत ते मागणार कोण? म्हणून हिशेब उतरण्याआधी करावा. एकट्याच्या मालकीचे दुकान असेल तर जीएसटीची नोंदणी त्या माणसाच्या पॅनशी बांधलेली असते; मुलाला स्वतःची नोंदणी करावी लागते आणि शिल्लक कर-जमा ठरलेल्या नमुन्याने त्याच्याकडे वळवावी लागते. हे काम वडील हयात असताना एका दुपारचे असते, मागाहून त्यालाच वर्ष लागते.

वाटणीबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या या प्रदेशातील आहे. वाडीहून सिकंदराबादेस येणाऱ्या रेल्वेमार्गावर मळखेड लागते. आज ते कर्नाटकात आहे, 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानात व राज्यात होते, आणि अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष ज्यांना गुरू मानीत असे त्या जिनसेनाचार्यांनी 'आदिपुराणा'त गृहत्यागाची रीत सांगितली आहे. घर सोडणारा पिता वडील मुलास बोलावून सांगतो की, या धनाचे तीन भाग करावेत. एक धर्मकार्यासाठी, दुसरा घरखर्चासाठी आणि तिसरा भावंडांत वाटण्यासाठी. आणि मुलींनाही मुलांच्या बरोबरीने समान वाटा द्यावा. नवव्या शतकात लिहिलेले हे वाक्य. आपल्या देशाच्या कायद्याने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला तो 2005 साली, आणि आजही कित्येक घरांत लग्नातील खर्च मोजून दाखवून तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. (या लेखकास हे वाक्य स्मरणिकेत छापले जाईल की नाही अशी थोडी शंका आहे.) अमोघवर्षाविषयीही अशी परंपरा आहे की त्याने अखेरीस विवेकाने राज्य सोडले, त्याच्या नावावर असलेल्या 'प्रश्नोत्तररत्नमालिके'च्या शेवटी तसा निर्देश आढळतो.

मुलगा दुकानात यावयास तयारच नसेल तर काय, हा प्रश्न आता दर दुसऱ्या घरात आहे. मुलगा गच्चीबावलीत, मुलगी बंगळुरास किंवा परदेशात, आणि वडील 'कोणीतरी सांभाळील' या आशेवर सत्तरीपर्यंत गादी उबवीत बसलेले. येथे स्पष्ट बोलणे बरे. पंचेचाळिसाव्या वर्षी मुलांना एकदा समोर बसवून विचारावे, आणि त्यांचे 'नाही' हे रागाने न ऐकता नोंद म्हणून ऐकावे. त्यानंतर दहा वर्षे हाताशी राहतात. तेवढ्यात वीस वर्षे इमानाने काम केलेल्या गुमास्त्याला लहान भागीदार करून हळूहळू दुकान त्याच्याकडे देता येते, चालती पेढी चांगल्या नावासह विकता येते, किंवा माल कमी करीत, उधारी आटोपीत, सन्मानाने शटर ओढता येते. चालत्या दुकानाला मोल मिळते. आजारी मालकाच्या बंद दुकानाला गिऱ्हाईक भंगाराचा भाव सांगते.

आता मनाची तयारी. व्यापाऱ्याला दुकानातून पैशांखेरीज आणखी पुष्कळ मिळत असते, आणि त्याची नोंद खतावणीत नसते. सकाळी कुलूप उघडताना शेजाऱ्याचा जयजिनेंद्र, दुपारचा चहा, दलालाने आणलेली बातमी, 'शेठ, तुम्ही म्हणाल तसे' म्हणणारी चार माणसे. हे सारे एका दिवसात जाते. त्याची जागा वर्तमानपत्र किंवा मोबाइलवरील चित्रे भरून काढू शकत नाहीत. म्हणून जीवराजभाईंप्रमाणे थोडी रक्कम आणि थोडा वेळ घालून आधी प्रयोग करावा. पन्नाशीपासून आठवड्यातील एक दिवस, पुढे दोन दिवस, दुकानात न जाता काय करता येते ते पाहावे. ज्याला वाचनाची आवड आहे त्याला या शहरात मराठी ग्रंथ संग्रहालयासारखे ठिकाण आहे. ज्याला शिकविण्याची हौस आहे त्याला विवेकवर्धिनीसारख्या जुन्या संस्थांच्या शहरात हिशेबाचे वर्ग घेण्यास कोणी नाही म्हणणार नाही. कोणाला पांजरापोळ, कोणाला कुलपाकजीच्या यात्रेकरूंची व्यवस्था. काही जणांना त्या दिवशी काहीच सुचणार नाही. तेही आधीच कळलेले बरे, कारण मग पाच वर्षे हाताशी असतात.

पत्नीचा विचार यात सहसा होत नाही. शेठजी निवृत्त झाले की घरी बसतात, आणि घरी बसले की दिवसातून तीनदा चहा आणि दोनदा ऊन जेवण मागतात. तिची निवृत्ती त्याच दिवशी आणखी लांबते. शिवाय दुपारच्या ज्या चार तासांत घर तिचे असे, तेही जातात. निवृत्तीचा बेत आखताना तिला विचारावे, आणि स्वयंपाकघरातील डबे नव्या क्रमाने लावण्याचा मोह आवरावा. अनुमतित्यागाचा अभ्यास तेथूनच सुरू करता येतो.

राहिला गादीवर पुन्हा 'सहज' जाण्याचा प्रश्न. त्याला एकच उपाय आहे; पहिले वर्षभर शक्य तितके शहराबाहेर राहावे, आणि परतल्यावरही दुकानात गिऱ्हाइकाप्रमाणे जावे, पैसे देऊन माल घ्यावा. मुलगा चुकीचा माल भरील, एखाद्या हंगामात तोटाही करील. आपणही तरुणपणी तो केलेला असतो, फक्त त्या वेळचा तोटा हजारांत होता आणि आजचा लाखांत असतो. त्या तोट्याची रक्कम आपल्या निवृत्तीच्या पुंजीत नसली, म्हणजे झाले. ती वेगळी काढण्याचा एवढा खटाटोप त्यासाठीच.

शेवटी आपल्या संघापुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. बाजारात व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत देण्याघेण्याचे तंटे होतात, आणि ते कोर्टात गेले की वर्षे जातात. ज्यांनी गादी रीतसर सोडली आहे, ज्यांची कोणत्याही पेढीत भागी राहिलेली नाही, अशा पाच-सात अनुभवी सभासदांचे एक पंचमंडळ संघाने नेमावे. त्यांना जुन्या वह्या वाचता येतात, हुंडीची भाषा कळते, आणि कोण खरे बोलतो हे त्यांना चेहऱ्यावरून समजते. आठवड्यातून दोन दुपारी त्यांनी संघाच्या कार्यालयात बसावे. दर दिवाळीला वहीपूजनाच्या सुमारास, त्या वर्षी उतरलेल्या सभासदांची नावे सभेत वाचावीत आणि त्यांच्या जागी आलेल्यांची ओळख सर्वांना करून द्यावी, म्हणजे आनंद श्रावकाच्या पंगतीचे काम होईल. मात्र पंचमंडळाच्या नियमांत एक कलम पहिल्या दिवसापासून घालावे : ज्या गल्लीत पंचाचे पूर्वी दुकान होते, त्या गल्लीतील तंट्यात त्याने बसू नये, आणि मुलाच्या पेढीचा विषय निघाला तर उठून बाहेर चहा घ्यावयास जावे.